तापल्यावर तपासा

सकाळी शाळेला जायच्या गडबडीत असताना खालून आरोळी यायची, "गप्प बसा रे सगळे!" आमच्या इमारतीतल्या नव्या भाडेकरूंना वाटायचं, भांडण जुंपलंय. आम्हाला ठाऊक असायचं, की साळवी सिस्टरनी व्हॅन चालू केलीय आणि त्या इंजिन ऐकताहेत. आवारात पोरं खेळत असोत, नाहीतर दूधवाला हाका मारत असो, सिस्टर स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून डोळे मिटून बसायच्या. हाताला थरथर लागली, की डोळे उघडायचे आणि तोंडही.

कमल साळवी सरकारी आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेल्या नर्स. उंच, हडकुळ्या, आवाज पत्र्यावर दगड पडावा तसा. लग्न केलं नव्हतं. निवृत्तीनंतर पनवेलमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आल्या आणि कुणाची तरी जुनी, पुष्कळ पळालेली व्हॅन घेतली. पुढचं सीट उचललं की खाली इंजिन, अशी ती गाडी. मागची सीटं काढून त्यांनी तिथे गादी घातली होती. पळस्प्याच्या पुढे, शिरढोणच्या बाजूला वीटभट्ट्या आहेत. भट्टीवर राबणाऱ्या कातकरी बायकांपैकी कुणी अडली, कुणाचं मूल तापानं फणफणलं, की सिस्टरचा फोन वाजायचा. सरकारी गाडी "निघालीय" असं सांगितलं जायचं. ती निघालेलीच असायची, पोचायची मात्र नाही. यावरून सिस्टर इतक्या जणांशी भांडल्या होत्या, की त्यांचा आवाज ऐकला की पलीकडे फोन ठेवून देत.

मी त्यांच्याबरोबर जायला लागले ते एका मे महिन्यात. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी होती. जिन्यात गाठून त्या म्हणाल्या, "वैशाली, दिवसभर घरात बसून काय करतेस गं? गाडी ढकलायला माणूस लागतं मला." मला नाही म्हणता आलं नाही. त्यांना कुणालाच म्हणता यायचं नाही.

त्या दिवसांत व्हॅन आजारी होती. गाडी उभी असताना इंजिन एकसारखं फिरायचं नाही, मध्येच अडखळायचं, सगळी गाडी हिवताप भरल्यासारखी हलायची. चालताना मध्येच धक्का द्यायची आणि मागून फाट्‌कन आवाज काढायची. आमच्या भागातला गॅरेजवाला संतोष. हसतमुख माणूस, सगळ्यांना "टेन्शन नका घेऊ" म्हणायचा. त्याने प्लग बदलले, कार्ब्युरेटर धुतला, शेवटी स्क्रू पिळून इंजिनाचा वेग वाढवून दिला. थरथर कमी झाली. सिस्टर त्याच्यावर उखडल्या. "ताप उतरायची गोळी दिलीस. ताप का आला ते बघितलंस का?"

"सिस्टर, गाडी एकदम ओके आहे. सकाळी मी स्वतः चेक केली."

"सकाळी थंड असते रे ती! तापल्यावर तपासा. पेशंटचा ताप उतरल्यावर नाडी बघून उपयोग काय?"

मग त्यांनी स्वतःच छडा लावायचं ठरवलं. आरोग्य केंद्राच्या जीपवर पाटील म्हणून एक चालक होते, त्यांच्याकडून वर्षानुवर्षं बघून बघून त्या शिकल्या होत्या. भर दुपारी गाडी फिरवून तापवून आणली, सीट उचललं, हाताला जाड फडकं गुंडाळलं आणि चालू इंजिनावर प्लगच्या तिन्ही वायरी एकेक करून काढून पाहिल्या. मला म्हणाल्या, "ऐक. ही काढली, आवाज पडला. ही काढली, तेवढाच पडला. तिसरीलाही तेवढाच. म्हणजे कुणी एक कामचुकार नाही, तिघं सारखीच अडखळतात. तिघांना जिथून ठिणगी मिळते तिथेच दुखणं आहे. आणि गार असताना दुखत नाही." बोट ठेवून त्यांनी एक काळा डबा दाखवला. "ही कॉइल. तापली की हीच दगा देते."

गाडी पुन्हा संतोषकडे गेली. कॉइल नवी टाक, एवढंच सांगितलं. संध्याकाळी त्याने गाडी आणून दिली. "नवीन टाकली, सिस्टर. आता बिनधास्त फिरा." सिस्टरनी सीट उचलून पाहिलं. काळीभोर चकचकीत कॉइल होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भट्टीवरून फोन आला. सोनी नावाची पोरगी, पहिलंच बाळंतपण, सकाळपासून कळा येत होत्या आणि मुकादमाने कुणाला कळवलं नव्हतं. आम्ही गेलो. सोनीला झोपडीतून रस्त्यापर्यंत आणायला वेळ लागला. निघताना क्षणही वाया जायला नको, म्हणून सिस्टरनी इंजिन चालूच ठेवलं. सोनीच्या पोटावर कान लावून त्या म्हणाल्या, "ठोके आहेत, पण दमलंय बाळ. चला लवकर."

पळस्पे फाट्याला ट्रकांची रांग लागली होती. रांगेत उभे असताना गाडी थरथरायला लागली. मग फाट्‌कन आवाज झाला आणि इंजिन बंद पडलं. चावी फिरवली, फिरवली, काही नाही. मागून हॉर्न सुरू झाले. सोनी ओरडत होती, तिची सासू मला धरून "बाय, काय झाला, काय झाला" करत होती. मी उतरून एकेका गाडीला हात केले. काचा वर करून लोक आमच्याकडे बघत होते. एका मोठ्या गाडीतल्या बाईने मान फिरवली. तिचा चेहरा मला आजही ओळखता येईल.

सिस्टरनी सीट उचललं. त्यांनी पेट्रोल येतंय का बघितलं. प्लग काढून पुसले. वायरी दाबून बसवल्या. कार्ब्युरेटरची नळी काढून फुंकली. मध्येच मागे जाऊन सोनीला बघायच्या, पुन्हा पुढे यायच्या. कॉइलला मात्र त्यांनी हात लावला नाही, कारण ती नवी होती.

प्लगची वायर खेचताना त्यांचं मनगट त्या काळ्या डब्याला लागलं आणि त्या किंचाळल्या. कातडी चर्रकन भाजली होती. "हीच तापलीय!" त्या म्हणाल्या. मग सोनीच्या कपाळावरची ओली पट्टी उचलली, कॉइलला गुंडाळली, वरून बाटलीतलं पाणी ओतायला मला सांगितलं. वाफ निघाली. थोडं थांबून चावी फिरवली. इंजिन लागलं, एकसारखं, गुळगुळीत. तो आवाज ऐकून सिस्टरच्या तोंडून जी शिवी निघाली ती मी इथे लिहीत नाही.

मी वाटभर कॉइलवर पाणी ओतत राहिले. रुग्णालयात सोनी वाचली. मुलगा झाला होता, पुरा वाढलेला, दाट जावळाचा. तो रडला नाही. डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी सिस्टर कॉइल हातात घेऊन गॅरेजमध्ये गेल्या. मीही गेले. गिऱ्हाइकं उभी होती. सिस्टरनी केसातली पिन काढून कॉइलवर ओरखडा काढला. काळा रंग उडाला, खाली जुना गंज.

"ही नवी?"

संतोष हसला. खरंच हसला. "सिस्टर, जुन्या गाडीचं असं चालायचंच. तेव्हा पार्ट मिळाला नाही, म्हटलं नंतर टाकू."

"नाही टाकली तर नाही टाकली म्हणायचं! जुनीच आहे हे माहीत असतं तर मी आधी तीच बघितली असती. टाकली म्हणालास म्हणून मी तिला हात लावला नाही. मूल गेलं तिथे, कळतंय का तुला?"

तो जरा गांगरला. मग म्हणाला, "सॉरी. पण त्या भट्टीवरच्या बायका, सिस्टर... त्यांच्यात हे होतच असतं. त्यांना सवय असते."

मला वाटलं, आता त्या मारणार. मलाच मारावंसं वाटलं. सिस्टरनी फक्त व्हॅनचं दार उघडलं. "बस. हेच तिला सांगायला चल." सगळे बघत होते, म्हणून तो बसला. नवी कॉइल सिस्टरनी सकाळीच दुकानातून आणून स्वतः बसवली होती.

सोनीला त्याच दिवशी घरी आणलं होतं. झोपडीत ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. सिस्टरनी संतोषला दारात उभं केलं. "सांग." तो कसंबसं म्हणाला, "चूक झाली, ताई."

सोनीने मान वळवली. त्याच्याकडे तिने पाहिलंही नाही. सिस्टरकडे पाहून म्हणाली, "याला कशाला आनलाव, शिस्टर? याचा तोंड बगून माजा पोर येनार हाय का? जावा. निजूं द्या मला."

सिस्टरनी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं आणि त्या बाहेर पडल्या. परतताना संतोषला फाट्यावर उतरवलं आणि त्या मला म्हणाल्या, "राग माझा होता गं. तिच्या दारात न्यायला नको होता. तिला वेगळं काही हवं होतं, ते मी विचारलंच नाही."

नंतर त्यांनी विचारलं. सोनीला भट्टीवर परत राबायचं नव्हतं, पण मुकादम आगाऊ दिलेली उचल फिटल्याशिवाय सोडत नव्हता. तेव्हा सिस्टर ओरडल्या नाहीत. मुकादमाची तक्रार घेऊन तहसील कचेरीत रोज जाऊन बसल्या. साहेब जेवायला उठले की दारात, परत आले की दारात. पावसाआधी सोनी आणि तिचा नवरा आपल्या वाडीवर गेले. पुढे तिला मुलगी झाली, रुग्णालयात, दिवसाउजेडी, आणि तिकडे नेणाऱ्या व्हॅनचं इंजिन कुठेही अडखळलं नाही.

यंदा हिवाळ्यात सिस्टर गेल्या. झोपेतच. इमारतीच्या सभागृहात शोकसभा झाली. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "बाई तापट होत्या, पण मनाने निर्मळ. आता त्यांचा आत्मा शांत झाला असेल." माना डोलल्या. संतोषही आला होता, मागच्या रांगेत मान खाली घालून बसला होता.

मी बोलायचं ठरवून गेले नव्हते. पण उठले आणि म्हणाले, "त्या शांत नव्हत्या. त्यांना शांत करून टाकू नका." आणि मग पळस्प्याच्या फाट्यावर काय झालं ते सांगितलं, सगळं, त्या मुलाच्या जावळासकट. संतोषचं नावही घेतलं. कुणीतरी म्हणालं, "अहो मॅडम, ही वेळ आहे का?"

मी म्हणाले, "हो, हीच आहे," आणि पुढे बोलत राहिले.