मर्यादित वापरासाठी

हातवाले चाचा टायर तपासताना डोळे मिटून घेत. गाडी दुकानापुढे उभी राहिली की ते उजवा हात फडक्याला पुसत, लाकडी पाटावर बसत आणि टायरच्या नक्षीवरून तळवा फिरवत. आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. "मांजरीचं कसं, शेपटीकडं हात फिरवला तर मऊ, उलटा फिरवला तर केस उभे राहतात. टायर एका बाजूनं टोचला म्हणजे चाक वाकडं धावतंय." मग गाडी अलाइनमेंटच्या मशीनवर चढवली की तसंच निघायचं. पळस्प्याकडे जाणाऱ्या जुन्या हायवेवर त्यांचं दुकान होतं. पुण्याला निघालेले टॅक्सीवाले घाट लागण्याआधी तिथे थांबत आणि "चाचा, हात फिरवा" एवढंच म्हणत. चाचांनी मान हलवली की गाडी घाटाकडे निघायची.

मी तळोज्याच्या एका कारखान्यात मोजमापांच्या विभागात आहे. मोजायची उपकरणं स्वतः बरोबर आहेत का, हे तपासणं माझं काम. बरोबर निघालेल्या उपकरणाला हिरवी चिठ्ठी लागते, चुकलेल्याला लाल, तिच्यावर छापलेलं असतं 'वापरू नये'. एक पिवळीही असते, पण ती क्वचित लागते. अशा माणसाने एकोणपन्नासाव्या वर्षी दोन सीटांची लाल स्पोर्ट्स कार घ्यावी, मग ती सेकंडहँड का असेना, हे घरात कुणाला पटलेलं नव्हतं. माझी बायको वैशाली गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "अहो, दोनच सीटा. आई राहायला आल्या की त्यांना डिकीत बसवायचं का?"

"डिकी एकशे तीस लिटरची आहे," मी म्हणालो.

"मग पाय दुमडून बसतील," ती म्हणाली.

चाचांचं नाव मला एका टॅक्सीवाल्याने सांगितलं. ते मूळचे पनवेलचेच, कोकणी मुसलमान. बावीस वर्षं कुवेतला टायरच्या दुकानात काढून परत आलेले. तिथे वेगवान गाड्यांचंच काम असायचं, त्यामुळे माझ्या गाडीचं त्यांना अप्रूप वाटलं नाही. त्यांच्या बोलण्यात इथलं गावाकडचं वळण होतं आणि अधूनमधून एखादा उर्दू शब्द. मी सुधारणांची टाईप केलेली यादी नेली होती. मोठ्या रिम, वीस मिलिमीटर जास्त रुंद टायर, गाडी तीस मिलिमीटर खाली आणणाऱ्या स्प्रिंगा, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, अशा नऊ बाबी. चाचांनी चष्मा लावून ती पूर्ण वाचली आणि कानावरची पेन्सिल काढली.

"गाडी खाली आणणार? राहता कुठं?"

"कामोठ्याला."

"मग आधी कामोठ्याचे स्पीडब्रेकर खाली आणा."

घरापासून हायवेपर्यंत अकरा स्पीडब्रेकर आहेत, त्यातला सर्वांत उंच एकशे चाळीस मिलिमीटर आणि गाडीचं पोट जमिनीपासून एकशे पंचवीस, हे मी मोजलेलं होतं. मी त्यांना ते सांगितलं. ते आदराने ऐकत राहिले. मग म्हणाले, "एवढं मोजलंत, आणि तरी यादीत लिहिलंत?"

रुंद टायरचं त्यांनी दुसऱ्या वाटेने समजावलं. "होडीचा तळ रुंद का करतात?"

"तरंगावी म्हणून."

"पनवेलच्या रस्त्यावर चार महिने पाणी. तुमाला पळायचं हाय का तरंगायचं?"

शेवटी नऊपैकी ब्रेकचे पॅड आणि ब्रेकचं तेल एवढंच उरलं. वरच्या रिकाम्या जागेत त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक बाब वाढवली: सीट. मला गाडीत बसवलं, सीट दोन खाचा पुढे घेतली, पाठ सरळ केली आणि माझं मनगट स्टेअरिंगच्या माथ्यावर ठेवून पाहिलं. "पाठ न उचलता मनगट इथं टेकलं पायजे. हे पयलं मॉडिफिकेशन. याला पार्ट लागत नाय." मी तीस वर्षं चुकीचा बसून गाडी चालवत आलो होतो.

रुंद टायर नकोत, तर मग आहेत तेच राहू देत, असं मी म्हणालो. नक्षी सहा पूर्णांक दोन मिलिमीटर शिल्लक होती, आणि एक पूर्णांक सहापर्यंत टायर चालतो. "मिलिमीटर साहेब," चाचा म्हणाले, आणि तेव्हापासून माझं तेच नाव पडलं, "अंगठ्याचं नख दाबा बघू." मी माझ्या टायरवर दाबलं, काही उमटलं नाही. मग दुकानातल्या नव्या टायरवर दाबलं, तिथे खूण राहिली. त्यांनी टायरच्या कडेला उठवलेले चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर नऊ वर्षांचे होते, गाडीबरोबर आलेले. "गाडी उभी होती. वय उभं नव्हतं. नक्षी हाय, पकड नाय." दिवसभर उपकरणांच्या मुदती तपासणाऱ्या माणसाने स्वतःच्या टायरची तारीख वाचली नव्हती. मला खरोखर लाज वाटली. तरी एक प्रयत्न केलाच. म्हटलं, पुढचे दोनच बदलू का? "गाडीला एक म्हातारा बैल आणि एक खोंड जुंपतात का?" त्यांनी विचारलं. मी मूळच्याच मापाचे चार नवे टायर घेतले.

टायर बसवल्यावर त्यांनी नक्षीवर खडूने आडवा जाड पट्टा ओढला आणि मला गाढी नदीच्या पुलापर्यंत जाऊन यायला सांगितलं. परत आलो तर खडू फक्त मधोमध पुसलेला. म्हणजे हवा जास्त होती, टायर पोटावर धावत होता. पण त्यांच्या हवा मोजायच्या काट्यावर तीसच पौंड दिसत होते. माझ्याजवळचा काटा तेहेतीस दाखवत होता. मी म्हणालो, "चाचा, तुमचा काटा चुकतोय." खडूची साक्ष माझ्या बाजूची होती, तरी दुकानदाराला असं सांगणं अवघडच. चाचांनी शांतपणे काटा नळीवरून सोडवला आणि माझ्या हातात दिला. "कारखान्यात तपासून आणा."

काटा तीन पौंडांनी चुकत होता. मी लाल चिठ्ठी बांधून परत दिला. त्यांनी तो फेकला नाही. चिठ्ठीसकट भिंतीवरच्या खिळ्याला टांगला, येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा, आणि नवा आणला. "खोटा काटा लपवला तर दुकान खोटं," म्हणाले. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी मी त्यांचा काटा तपासू लागलो आणि ते माझे टायर. बऱ्याचदा वैशालीही बरोबर असायची. त्यांचा हात फिरून झाला की ते पाट माझ्याकडे सरकवत. "आता तुमी." पहिलं वर्षभर मला काहीच कळायचं नाही. "हाताला आकडे शिकवू नका. नुसता फिरवा. तो आपला सांगंल." दुसऱ्या वर्षी मला टोचू लागलं.

चौथ्या वर्षीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी वैशाली आणि मी पुण्याला जाणार होतो. चाचांनी चारही टायरवर हात फिरवला, मान हलवली, म्हणाले, "बिनघोर जा." सवयीने मी पाटावर बसलो. पुढचा डावा टायर बाहेरच्या कडेला करवतीसारखा टोचत होता. मी पुन्हा फिरवला. मग त्यांच्याकडे पाहिलं. ते चहा पीत होते. वाफा येणारा काचेचा पेला त्यांनी काठाशी न धरता पुरा मुठीत धरला होता, चटका बसतच नसल्यासारखा. त्यांना पंधरा वर्षांपासून साखरेचा आजार होता हे मला माहीत होतं. त्या महिन्यात एकदा चहाला थांबलो तेव्हाही पेला असा धरलेला मी पाहिला होता, पण मनात काही आलं नव्हतं. नोकरीत मी एकही चुकीचं माप पास केलेलं नाही. त्या दिवशी मी "बरं, चाचा" म्हणालो आणि घरी आलो.

पुण्याला जाणं रद्द केलं. वैशालीने कारण विचारलं, मी सांगितलं. तिने भरलेली बॅग बाजूला ठेवली. मग म्हणाली, "आपला टायर तुम्हाला कळला. पण ते टॅक्सीवाले चाचांच्या मान हलवण्यावर घाटात जातात. त्यांना कोण सांगणार?"

सकाळी दुकान उघडताच मी गेलो. म्हणालो, "चाचा, पुढचा डावा मला टोचतोय. परत बघाल?" ते बसले, डोळे मिटले, हात फिरवला. आतून बाहेर, बाहेरून आत. परत. मग त्यांनी डोळे उघडले. टायरकडे डोळ्यांनी बघणारे चाचा मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांनी बाही कोपरापर्यंत सारली आणि हाताची आतली, मऊ बाजू नक्षीवरून ओढली. तिथे त्यांना लागलं.

"काल कळलं होतं?"

"हो."

"काल का नाय बोललात?"

"जीभ रेटली नाही."

"काटा चुकला तेवा तर लगेच बोललात. हातावर काय मेहेरबानी?" आवाजात राग नव्हता. मग त्यांनी विचारलं, "लाल चिठ्ठी आणलीत?"

"नाही."

"उद्या आणा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती माझ्याकडूनच भरून घेतली. उपकरणाच्या रकान्यात 'उजवा हात' लिहिताना माझं अक्षर बिघडलं. त्यांनी चिठ्ठी जुन्या काट्याशेजारी टांगली. टॅक्सीवाले वाचून हसायचे, चाचांची काहीतरी गंमत असेल म्हणून. पण कुणी "चाचा, हात फिरवा" म्हणालं की ते पाट पुढे सरकवायचे. "तुमी बसा. तुमचा हात फिरवा. कसा ते मी सांगतो." काही कुरकुरले, घाई आहे म्हणाले. "घाई हाय तर घाटात कशाला जाता?" असं म्हणून चाचा त्यांना बसवायचेच. वर्षभर त्यांनी दुसरं काही केलं नाही. हायवेवरच्या किती माणसांना त्यांनी टायर वाचायला शिकवलं ते मी मोजलेलं नाही, याची मला आज खंत आहे. मग पायही कुरबुरू लागले, तेव्हा त्यांनी दुकान सोडलं आणि आपट्याला मुलीकडे राहायला गेले.

मी भेटायला गेलो तेव्हा गाडीच्या आवाजाने ते ओटीवरून उठून बाहेर आले. गाडीला टेकून म्हणाले, "कुवेतला असल्या शेकडो गाड्यांना टायर चढवले. चालत्या गाडीत बसायचा योग नाय आला." मी दार उघडलं. बसल्याबरोबर त्यांनी आधी सीट पुढे घेतली. पाताळगंगेच्या कडेने मी ताशी चाळीसच्या वेगाने गाडी नेत होतो. दोन किलोमीटर ते पुढे रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मागचा डावा दबतोय."

"कशावरून? हाताला कळलं?"

"हात कुठला. बुडाला कळलं."

मी गाडी थांबवून काटा लावला. तीन टायर तीस पौंड, मागचा डावा सव्वीस. नक्षीत एक बारीक खिळा होता. चाचा दाराला धरून उभे होते आणि आवाज न करता हसत होते. शर्टाचा खिसाही हलत होता.

"आता हिरवी चिठ्ठी मिळंल?"

मी विचार केला. "हिरवी नाही बसणार, चाचा. हात चुकतोच आहे. पिवळी देता येईल."

"तिच्यावर काय लिवलेलं असतं?"

"'मर्यादित वापरासाठी'."

त्यांनी नदीकडे पाहिलं. "मर्यादित चालंल," म्हणाले.

पुढच्या खेपेला मी पिवळी चिठ्ठी नेली. तिच्यावर 'पुढील तपासणी' असा रकाना असतो. मी सहा महिन्यांनंतरची तारीख घालत होतो. "सहा लई लांब," चाचा म्हणाले, "तीन लिहा." त्यामुळे दर तीन महिन्यांनी आपट्याला जाणं आलं. आपट्याच्या अलीकडे थांबून मी कुठल्या तरी एका टायरची तीन-चार पौंड हवा सोडायचो, मग त्यांना नदीकडेने फिरवून आणायचो. चार वेळा त्यांनी बरोबर टायर सांगितला. पाचव्या वेळी मी हवा सोडलीच नव्हती. परत ओटीशी येऊन ते खाली उतरले. मग म्हणाले, "चारी सारखे हायत. आज पेपर काढायला विसरलात काय, मिलिमीटर साहेब?" प्रत्येक वेळी मी नवी चिठ्ठी द्यायचो आणि ते ती चष्म्याच्या डबीत घालून ठेवायचे.

त्या शेवटच्या चिठ्ठीवरच्या तारखेच्या अकरा दिवस आधी ते गेले. त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात होतो. हातातलं माप पुरं केलं, नोंद केली, मग निघालो.

ती तारीख आली त्या दिवशी रविवार होता. आपट्याला जायचं का, हे मी घरात विचारलं नव्हतं. किल्ली घेऊन खाली उतरलो तर वैशाली आधीच गाडीजवळ होती. साडीचा पदर खोचून, पुढच्या उजव्या चाकापाशी उकिडवी बसलेली. डोळे मिटून ती नक्षीवरून तळवा फिरवत होती. आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. तिला हे मी शिकवलेलं नव्हतं. इतकी वर्षं दुकानात ती नुसती शेजारी उभी असायची.

"हा थोडा टोचतोय," ती म्हणाली.

मी शेजारी बसून हात लावला. टोचत होता.