नऊ दातांची ब्यूक आणि एक ‘नाही’

कवळीकाकांना कोणी खऱ्या नावानं हाक मारली तर ते वळूनही बघायचे नाहीत, इतकं ते टोपणनाव अंगी मुरलं होतं. अडतीस वर्षं दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या करत बसलेल्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? घराच्या मागच्या खोलीत खिडकीशी त्यांचं टेबल. त्यावर मेणाच्या गुलाबी पट्ट्या, प्लास्टरचे जबडे, बारीक कानशी आणि एक छोटासा बर्नर. गावातली निम्मी म्हातारी माणसं त्यांच्या हातच्या दातांनी हसायची. काकांचे स्वतःचे दात मात्र शाबूत होते आणि त्याचा त्यांना भारी तोरा.

अशा माणसाच्या नशिबी अमेरिकन गाडी यायची ती कशी येईल? दातांवरूनच आली. पॉलिशच्या यंत्रासाठी जुनी विजेची मोटार शोधायला काका भंगारवाल्याकडे गेले, तर भिंतीला टेकून ती उभी. १९५० सालची ब्यूक. चाकं नाहीत, काच नाही, सीटमध्ये मांजरीनं घातलेली पिल्लं. पण पुढं, बंपरवर लोंबणारे ते वीतवीतभर लांब दात! त्या मॉडेलची जाळीच तशी असते, राक्षसानं हसावं तशी. नऊपैकी चार दात गायब होते.

“अरेरे, हिला कुणी कवळी नाही केली?” काका म्हणाले.

भंगारवाला पोट धरून हसला. काका हसले नाहीत. ते पुढं होऊन उरलेल्या दातांवरून बोट फिरवत राहिले, आणि मोटार घ्यायला गेलेला माणूस ट्रकवर गाडी लादून घरी आला.

दारात काकू. “हे काय आणलंत?”

“गाडी.”

“चाकं कुठायत?”

“येतील.”

चाकं यायला दोन वर्षं लागली, गाडी चालायला सात. काकूंनी डोक्याला हात लावला, पण अंगणातल्या तारा सोडून कपडे वाळत घालायला गच्चीवर न्यायला लागल्या. दातांचं काम काकांनी स्वतः केलं, आणि ते बघायला डॉक्टरसुद्धा यायचे. शाबूत दाताचा ठसा घेतला, त्यात मेण ओतलं, मेणाचा दात कोरून काढला, अगदी कवळीसाठी करतात तसा. मग तो ओतारीकडे नेऊन पितळेत ओतून घेतला, कानस मारली आणि क्रोम चढवायला दिला. चार दात, आठ महिने. बसवल्यावर कुठला जुना नि कुठला नवा हे ओतारीलाही ओळखू येईना.

आभार मानण्याच्या बाबतीत काका मोठे उधळे. क्रोमवाल्याचे आभार, ओतारीचे आभार, आठ सिलिंडरचं ते लांबलचक इंजिन उघडून परत जोडणाऱ्या मेकॅनिकचे तर तीन वेळा आभार. पिल्लं उचलून नेऊन सीट मोकळी केली म्हणून मांजरीचेही मानले असतील, त्यांचा काय भरवसा! राहिल्या त्या फक्त काकू. घरच्या माणसाचे आभार कोण मानतं?

आणि खरी गंमत अशी, की काकूंशिवाय ती गाडी गावाबाहेर जाऊच शकत नव्हती. अमेरिकन गाडी ती, स्टिअरिंग डावीकडे. आपण चालणार रस्त्याच्या डाव्या बाजूनं. पुढं एखादा ट्रक आला, की चालवणाऱ्याला दिसणार फक्त ट्रकचं बूड. पलीकडून काय येतंय ते बघायचं असेल तर निम्मी गाडी रस्त्याच्या मध्यावर काढावी लागणार, आणि तोवर उशीर झालेला. दिसतं ते उजव्या सीटवरच्या माणसाला. म्हणून उजव्या सीटवर काकू.

काकूंनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढलेली. कमी शब्द, स्पष्ट आवाज, गोंधळ नाही. त्यांनीच पद्धत घालून दिली. काका विचारणार, “आहे?” म्हणजे रस्ता आहे का. मोकळा असला तर काकू म्हणणार, “आहे.” नसला तर, “नाही.” बस्स. काका डोळे झाकून त्या शब्दावर जायचे. दोन वर्षं दोघं अशी हिंडली. काकू पायाशी थर्मास ठेवून बसायच्या, अधूनमधून “आहे”, “नाही” म्हणायच्या, आणि काकांना वाटायचं, आपण काय छान चालवतो!

मग तो दिवस आला. वळणाचा चढ, पुढं विटांनी भरलेला ट्रक, धूर ओकत, गोगलगायीच्या चालीनं. काका वैतागले होते. घाईघाईत त्यांनी विचारलं, काकू म्हणाल्या, “नाही!” आणि काकांनी गाडी बाहेर काढली.

समोर दुधाचा टँकर.

पुढचे चार क्षण काय झालं ते काकांना कधीच नीट सांगता आलं नाही. टँकरचा भोंगा, करकचून ब्रेक, स्टिअरिंग डावीकडे, आणि ट्रकच्या मागं रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन आदळलेली ब्यूक. कोणाला खरचटलंही नाही. एक दिवा फुटला, दोन दात तुटले. काकांचे हातपाय गळाले होते, आणि ते गळालेले हात लपवायला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. ओरडले.

“नाही म्हणालीस ना? मग? मला वाटलं गाडी नाही! नीट सांगता येत नाही का?”

काकूंनी थर्मास उचलला, खाली उतरल्या आणि मागून आलेल्या बसला हात केला.

दातांचे साचे घरीच होते. पंधरा दिवसांत गाडी पुन्हा नऊ दातांनी हसायला लागली. काकू मात्र गाडीकडे फिरकल्या नाहीत. काकांनी ते हसण्यावारी नेलं. जिथं जातील तिथं किस्सा रंगवून सांगायचे. “हिला विचारलं, ही म्हणाली नाही. मी म्हटलं, नाही तर नाही, चला! तर समोर टँकर! तीस वर्षं टेलिफोनवर बसली, पण नवऱ्याला एक शब्द धड सांगता येईना!” लोक खो खो हसायचे. काकूही ओठ ताणून हसायच्या. चौदा महिने हे चाललं. काकूंना भीती बसलीय, जाईल हळूहळू, असं काका धरून चालले होते.

पण उजवी सीट रिकामी म्हटल्यावर गाडी आपली गल्लीतल्या गल्लीत. शेवटी काकांनी मेहुण्याला गळ घातली. काकूंचा हा धाकटा भाऊ शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला. बोलणं मोजून मापून, आणि दुसऱ्याची चूक दिसली की चेहरा खुललाच. त्याला उजवीकडे बसवून काकांनी पद्धत समजावली आणि निघाले.

पाचसहा वाहनं ठीक मागं टाकली. मग लाकडांनी भरलेला एक ट्रक पुढं आला. बाजूला होईना की वेग धरेना. काका चुळबुळले, आणि एकदम म्हणाले, “कोणी येतंय का?”

मेहुणा गप्प.

“अरे, बोल की! कोणी येतंय का?”

“भाऊजी,” मेहुणा शांतपणे म्हणाला, “तुम्ही प्रश्न बदललात. मघाशी ठरलं होतं ‘आहे?’ असं विचारायचं. त्यावर ‘नाही’ म्हणजे जाऊ नका. ‘कोणी येतंय का’वर ‘नाही’ म्हणजे खुशाल जा. आता मी नाही म्हटलं तर तुम्ही काय समजणार? आधी प्रश्न नीट विचारा.”

काकांनी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. मेहुण्याला वाटलं भाऊजी चिडले. काका चिडले नव्हते. विटांचा ट्रक, धूर, आणि स्वतःचा वैतागलेला आवाज त्यांना जसाच्या तसा ऐकू येत होता: “कोणी येतंय का?” त्या दिवशीही हेच. दोन वर्षांची ठरलेली रीत त्यांनीच मोडली होती, आणि चौदा महिने जिच्यावर गाव हसवलं ती बाई रीतीप्रमाणं बोलली होती. बोलली होती म्हणण्यापेक्षा, जाऊ नका म्हणून ओरडली होती.

घरी आले तेव्हा काकू स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या. काका समोरच्या स्टुलावर बसले.

“अगं, त्या दिवशी मी ‘आहे?’ असं विचारलंच नव्हतं.”

“‘कोणी येतंय का’ असं विचारलंत,” काकू म्हणाल्या. हात थांबला नाही.

“तुला माहीत होतं?”

“तेव्हा नाही. टँकर दिसला आणि सवयीनं ‘नाही’ तोंडातून गेलं. घरी येऊन आडवी पडले, मग तुमचा प्रश्न कानात वाजला. लोकांचं बोलणं अक्षरन् अक्षर ऐकणं हेच तर काम होतं माझं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुमचे हात बघितले होते मी. आठ दिवस चहाचा कप धरता येत नव्हता. मेण कापताना बोट कापून घेतलंत. म्हटलं, चूक माझी म्हणून हा माणूस सावरतोय ना, सावरू दे. तुमच्या हातून झालं असं कळतं तर तुम्ही परत स्टिअरिंगला शिवला नसतात. सात वर्षं घातली होतीत त्या धुडापायी.”

काका टरफलं गोळा करत बसले.

“मग माझ्याबरोबर बसायचं का सोडलंस? भीती वाटते?”

“टँकरला कोण भितंय!” काकू पहिल्यांदा जोरात बोलल्या. “एकदा सांगितलात किस्सा, चालून गेलं. तुमच्या बहिणीकडे सांगितलात, तिच्या सासरच्यांपुढं सांगितलात. एक्स्चेंजमधली माझी मैत्रीण आली, तिलासुद्धा! तिच्यासमोर माझ्या शब्दाची टिंगल केलीत. ज्या शब्दावर हसायचं, त्याच शब्दावर परत जिवाचा भरवसा ठेवायचा, हे कसं जमणार? म्हणून नाही बसले.”

काका रडले. साठी उलटलेला माणूस मटारच्या टरफलांवर रडला, लाजला नाही. म्हणाले, “फार उपकार आहेत गं तुझे. त्या दिवशीचे आणि त्याआधीच्या सगळ्या दिवसांचेही. एकदाही बोललो नाही.”

“मला एकटीला सांगून काय उपयोग?” काकू म्हणाल्या. “हसला होतात चारचौघांत.”

पुढच्या रविवारी काकांच्या बहिणीकडे सगळे जेवायला जमायचे होते. अक्काचं घर शेजारच्या गावात. मेहुण्याला उजवीकडे बसवून काका ब्यूकनं गेले, काकू नेहमीसारख्या बसनं. काकू परत गाडीत बसल्या नाहीत तर गाडी झाकून ठेवायची, हे काकांनी मनाशी पक्कं केलं होतं. दुसऱ्या कोणाच्या शब्दावर चालवायची त्यांना इच्छाच उरली नव्हती.

पानं मांडली जात असतानाच अक्काचा जावई म्हणाला, “मामा, तो ‘नाही’चा किस्सा होऊन जाऊ दे!”

“होऊन जाऊ दे,” काका म्हणाले आणि उभे राहिले. “फक्त आजवर मी तो चुकीचा सांगत आलो.” मग त्यांनी विटांचा ट्रक सांगितला, ठरलेला प्रश्न सांगितला, आपण विचारलेला प्रश्न सांगितला. कोणी हसलं नाही. जावयानं मान खाली घातली.

“म्हणजे वहिनीचं काहीच चुकलं नव्हतं?” अक्कानं विचारलं.

“काही नाही. ती दोन वर्षं माझे डोळे होती, म्हणून मी चालवत होतो. आणि चूक माझी असताना चौदा महिने तुम्हा सगळ्यांचं हसणं तिनं माझ्यासाठी झेललं. मी क्रोमवाल्याचे आभार मानले, ओतारीचे मानले. हिचे आज मानतोय, तुमच्यासमोर.” काका काकूंकडे वळले आणि त्यांनी चक्क हात जोडले.

काकूंचा चेहरा लालेलाल झाला. “पुरे आता. जेवण निवतंय.”

जेवणं झाली, चहा झाला. निघताना मेहुणा सवयीनं ब्यूकच्या उजव्या दाराकडे गेला. काकू त्याच्यामागून आल्या, त्याच्या हातात स्वतःचं बसचं परतीचं तिकीट ठेवलं आणि म्हणाल्या, “तू बसनं ये.”

गणिताच्या मास्तरानं एकदा तिकिटाकडे पाहिलं, एकदा ताईकडे, आणि काही न बोलता स्टँडची वाट धरली.

गावाबाहेर पडतात न पडतात तोच पुढं ट्रक आला. पोत्यांनी भरलेला, जागच्या जागी डुलत चाललेला. काका निमूट त्याच्या मागं राहिले. आता विचारायचं कोणत्या तोंडानं? एक मैल गेला, दुसरा गेला. मागून भोंगे वाजायला लागले. काकांनी स्टिअरिंग घट्ट धरून ट्रकच्या बुडावर नजर ठेवली होती, आणि नाकातोंडात धूर जात होता तरी तोंड उघडत नव्हतं.

काकू काच खाली करून पुढं बघत होत्या. मग त्यांनी न विचारताच सांगितलं, “जा आता.”

काका गेले.