फ्रिजच्या दारातलं गुलाबी औषध

देहूरोडला डेपोच्या क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हा आमच्या रांगेत फ्रिज फक्त माझ्याकडे होता. तेवढ्या भांडवलावर मी डॉक्टर झाले. पावडरीत पाणी घालून हलवायचं ते अँटिबायोटिक थंड ठेवावं लागे, म्हणून सगळ्यांच्या पोरांच्या उरलेल्या बाटल्या माझ्या फ्रिजच्या दारात, लिंबांशेजारी येऊन बसत. उरलेलं औषध टाकून द्या, असं बाटलीवर छापलेलं असे. ते वाचणार कोण? मी तर पदवीधर.

कुणाचं पोर कान धरून रडायला लागलं की आई त्याला माझ्याकडे आणी. कानाच्या आत दिसणार काय, म्हणून मी जीभ बघे, चेहरा गंभीर करी आणि चमचाभर गुलाबी औषध पाजी. दोन-तीन दिवसांत ठणका थांबे.

"ताई, तुमच्या हाताला लय गुण हाय," शेजारीण म्हणे. मी लाजल्यासारखं करायची आणि घरात जाऊन तो हात निरखायची.

यंदा तळेगावात नातीचा कान दुखायला लागला. चार वर्षांची पोर, अंगात जराशी कणकण. डॉक्टरांनी कान तपासला, दुखण्यावरचं औषध दिलं. म्हणाले, हिला अँटिबायोटिक लगेच नको, असे बरेच कान आपले आपणच बरे होतात. दोन दिवस बघू, ताप चढला किंवा कान वाहिला तर मात्र लगेच आणा. घरी येऊन मी त्यांच्या पदवीवर शंका घेतली आणि सवयीनं फ्रिज उघडला. दारात नुसते सॉस.

"आई, तिथं काही नाही," सून म्हणाली. "तुम्ही तिला मांडीवर घ्या फक्त."

घेतलं. पोर कण्हत होती आणि मनातल्या मनात मला वाटत होतं, थोडा चिघळू दे कान. म्हणजे बाटली आणावीच लागेल. आजीनं असं चिंतावं.

कान दुखायचा राहिला. पोर सोफ्यावर उड्या मारायला लागली. म्हणजे रांगेतली ती पोरंही बहुतेक आपली आपणच बरी झाली होती. मी नुसता चमचा धरून उभी होते.

परवा तीच शेजारीण परंदवडीहून फोनवर विचारत होती, नातवाचा कान ठणकतोय, ते गुलाबी औषध कुठलं हो? मी तिला आधी डॉक्टरला दाखवायला सांगितलं.

"दावते. पण तुमच्या हाताची गोष्ट येगळी व्हती," ती म्हणाली.

हाताबद्दलचं तिचं मत मी दुरुस्त केलं नाही.