आमचे साडू आणि न सापडणारं डोमेन

जगाच्या पाठीवर कुणाचाही पत्ता हरवलेला असो, आमच्या साडूंना तो सापडतोच. फक्त तो सापडेपर्यंत ते समोरच्याचा जीव नकोसा करतात. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. महाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा रसायनांचा कारखाना, मी तिथे माल रवाना करणाऱ्या खात्यात, आणि हे तिथले संगणक सांभाळणारे एकमेव गृहस्थ. म्हणजे घरी टाळावं तर कारखान्यात गाठ! फोनवर त्यांना "मी बोलतोय" म्हणायची सोय नाही. "मी हे काय नाव झालं? पूर्ण सांगा. नाव, वाडी, गाव, तालुका." एकदा खुद्द सासरे कळवळून म्हणाले, "अहो, मी तुमचा सासरा!" यावर यांनी शांतपणे विचारलं, "कुठले?" सासऱ्यांनी पुढे कित्येक दिवस फोन केला नाही. यांना वाटलं, त्यांचा फोन बिघडलाय.

संध्याकाळी फिरायला निघाले की आमच्या फाटकाशी थांबून हाक मारणार, "आहात का?" मी म्हणायचं, "आहोत, या!" की हे खूश होऊन चालायला लागणार. "यायचं नव्हतं हो, ओ देताय का ते बघत होतो." बायको चहाचं आधण ठेवून बसलेली असे. चरफडत तो चहा मलाच प्यावा लागे.

पोलादपूरकडच्या एका वाडीवर साखरपुड्याला निघालो होतो तेव्हाची गोष्ट. हायवेच्या फाट्यावर टपरीवाल्यानं मोठ्या आत्मविश्वासानं हात करून रस्ता दाखवला. मी गाडी वळवणार, तर हे खाली उतरून उभे. म्हणाले, "हा हायवेचा माणूस. याला गोवा विचारा, मुंबई विचारा. वाडीतलं घर वाडीतल्याच माणसाला विचारायचं." भर उन्हात घामाच्या धारा लागल्या, साखरपुड्याचा मुहूर्त जवळ आला, तरी हे हलेनात. शेवटी लाकडाची मोळी घेऊन एक बाई आल्या. "त्येचं घर व्हय? वरल्या अंगाला हाय. पन आता घरात कोन नाय रे, समदी देवळात गेलीत!" आम्ही थेट देवळात गेलो. टपरीवाल्याचा रस्ता कुठे जात होता, हे परत येताना कळलं. खडीच्या खाणीत.

आणि याच माणसावर प्रसंग आला. मुंबईच्या मुख्य कचेरीनं नवे संगणक पाठवले आणि फर्मान काढलं, की ते सगळे कंपनीच्या डोमेनला जोडा. डोमेन म्हणजे कंपनीच्या संगणकांचं एकत्र कुटुंब. कुणाला आत घ्यायचं, कुणाला काय दाखवायचं, हे सर्व्हर नावाचा कर्ता ठरवतो. जोडणी झाली की देखभाल मुंबईत बसून होणार, आणि महाडात संगणकवाल्याची गरज उरणार नाही, हेही तिथल्या साहेबांनी गोड शब्दांत सांगून टाकलं होतं. साडूंची मुलगी इथल्या शाळेत, बायकोचे शिवणाचे वर्ग इथे. पण हे बाह्या सरसावून कामाला लागले.

आणि जोडणी होईना! प्रत्येक संगणक एकच रड सांगे: डोमेन सापडत नाही. मला मनातून उकळ्या फुटल्या. मी त्यांना कोपऱ्यात घेऊन म्हटलं, "साडूभाऊ, देवानंच दार लावलंय. नाही सापडत म्हणून कळवा आणि गप्प बसा." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी निमूट स्टुलावर बसलो.

प्रत्येक यंत्राला नावाखेरीज फोन नंबरासारखा एक आकडा असतो; आधी त्यांनी सर्व्हरला त्या आकड्यानं हाक मारली. त्यानं लगेच ओ दिली. मग नावानं मारली. चिडीचूप! "तार ठीक, सर्व्हर जागा," ते मांडी थोपटत म्हणाले. "नावाचा आकडा सांगणाराच चुकतोय. कुणाला विचारतंय हे?" शोधलं, तर प्रत्येक संगणक आमचा सर्व्हर सोडून बाहेरच्या, जगाला पत्ते सांगणाऱ्या कुठल्याशा यंत्राला विचारत होता. त्या बिचाऱ्याला आमच्या कारखान्याच्या आतलं घर कसं ठाऊक असणार?

इतक्यात स्टोअरवाले मोरे हसत पुढे आले. आमच्याकडे नेट रखडलं की बाजारपेठेतल्या मोबाइलवाल्यानं शिकवलेला बाहेरचा एक आकडा संगणकात भरायचा, हा सगळ्यांचा घरगुती काढा. "मीच भरला, साहेब. नवी यंत्रं आली, म्हटलं नारळ फोडल्याबरोबर हेपन करून टाकू!" साडू चिडले नाहीत. मोऱ्यांच्या पाठीवर थाप मारून त्यांनी तो आकडा काढला, आपल्या सर्व्हरचा घातला, आधीची चुकीची उत्तरं संगणकाला विसरायला लावली आणि पुन्हा विचारलं. डोमेनमध्ये स्वागत असो, अशी पाटी झळकली. एकामागून एक सगळे संगणक जोडले गेले. साडू एकटेच टाळ्या वाजवत होते.

माझा मात्र तोल गेला. "कळतंय का तुम्हाला? स्वतःच्या हातानं स्वतःची खुर्ची काढलीत!"

"कळतंय हो," ते चष्मा पुसत म्हणाले. "पण ते यंत्र सकाळपासून बिचारं विचारत होतं. उत्तर माहीत असताना नाही माहीत कसं म्हणू?"

मुंबईच्या कचेरीनं त्यांना तिकडेच बोलावून घेतलं. शनिवारी रात्रीच्या एसटीनं येतात, रविवारी जेवून लगेच निघतात. मुलगी डेपोपर्यंत सोडायला जाते आणि गाडी वळेपर्यंत तिथेच उभी राहते. कारखान्यात आता काही अडलं की ते मुंबईत बसून दोन मिनिटांत ठीक करतात. पडद्यावर बाण आपोआप फिरताना दिसतो, काम होतं, बाण थांबतो. सोय फार झाली आहे. परवा माझा संगणक चांगला चालत असताना मी तो बिघडला म्हणून कळवलं, आणि तो बाण फिरेपर्यंत पडद्यासमोर बसून राहिलो.