अवेळी आलेली गाठ

आंब्याला मोसम असतो, मासळीला असतो, लग्नांनाही असतो. पण माणसाच्या अंगावरच्या गाठींनाही मोसम असतो हे ज्ञान अख्ख्या पनवेलमध्ये एकाच माणसाला झालं होतं, आणि तो माणूस माझ्या बायकोचा मामा होता.

मामा त्वचेच्या एका डॉक्टरांकडे तीस वर्षं कंपाउंडर होते. गाठ म्हणजे साधी, निरुपद्रवी. चरबीची गाठ, चामखीळ, फार तर पाठीवरचा मस. वाईट दुखण्यांत त्यांना रस नव्हता. ते डॉक्टरांनी बघावं. दवाखान्यातल्या कॅलेंडरवर ते रोज दुपारी लाल पेन्सिलीने गाठीचा ‘ग’ आणि चामखिळीचा ‘च’ लिहीत. चैत्रापासून अक्षरं वाढू लागत, वैशाखात खालच्या तारखा दिसेनाशा होत, आणि थंडीत पानं कोरी राहत. एकदा एका पेशंटबाईंची संकष्टीच त्या गर्दीत बुजली आणि त्यांनी भर दुपारी मिसळ खाल्ली. डॉक्टर समजावत, “अहो मामा, गाठी वर्षभर असतात. उन्हाळ्यात लोक सदरे काढतात, तेव्हा दिसतात.” मामा शांतपणे विचारत, “म्हणजे आंबाही झाडावर वर्षभर असतो? आपण मे महिन्यात वर बघतो, म्हणून दिसतो?” डॉक्टर पुढच्या पेशंटला हाक मारत.

रस्त्यात भेटले तर मामा तोंडाकडे न बघता मानेकडे बघत. मला ते जावईबापू म्हणत, पण बोलत माझ्या डाव्या कानाखालच्या चामखिळीशी. “काय म्हणते?” असं विचारत, आणि सवयीने मीही “बरी आहे” म्हणून मोकळा होई. त्यांचा सगळ्यात लाडका सण म्हणजे हळद. परका माणूस उघड्या अंगाने पाटावर बसलेला आहे, त्याला वाटेल तिथे हात लावायचा आणि वर जेवूनही यायचं, अशी सोय दुसऱ्या कुठल्या शास्त्राला लाभली आहे? गव्हाणच्या एका आगरी घरातल्या हळदीला ते मलाही घेऊन गेले. बेंजो वाजत होता, आणि मामा नवरदेवाच्या पाठीवर हळद कमी आणि बोटं जास्त फिरवत होते. खांद्यापाशी बोटं थबकली. “सापडली!” मामा ओरडले, “ऐन वैशाखात!” नवरदेवाची आत्या कमरेवर हात ठेवून पुढे आली. “ओ काका, हलद लावा नि सरा! पोरगा हाय आमचा, पेटीतला आंबा नाय दाबून बघाला!” मांडव हसला. मामाही हसले, पण घरी येईपर्यंत हात धुतले नाहीत.

या शास्त्राची दुसरी बाजू त्यांनी मला एकदाच सांगितली होती. “साधी गाठ वेळेवर येते, जावईबापू. अवेळी येते ती साधी नसते.”

आणि एका डिसेंबरात माझ्या बायकोच्या मानेमागे गाठ आली.

डॉक्टरांनी सुई घालून तपासणीला पाठवलं. रिपोर्ट चार दिवसांनी येणार होता. आम्ही दोघं घाबरलो होतोच, पण मामांचं पाहवत नव्हतं. पहिल्या दिवशी ते नवीन पनवेलच्या आमच्या घरी आले आणि संध्याकाळपर्यंत भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आले, सदरा काढून बंडीवर बसले आणि पंखा पाचवर केला.

“काय उकडतंय!” ते म्हणाले. दातांवर दात वाजत होते. “यंदा थंडी पडलीच नाही. डिसेंबर आपला नावाला. हा वैशाखच. सुमे, पन्हं आहे का गं?”

“मामा, थंडी वाजतेय तुला. चहा टाकते.”

“चहा कसला? उन्हाळ्यात चहा पितात?”

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. हा माणूस भाचीसाठी उन्हाळा आणायला बसला होता. बायकोलाही ते कळलं असावं, कारण तिने फ्रीजमधून उन्हाळ्यातली उरलेली पन्ह्याची बाटली काढली आणि त्यांना पेला भरून दिला. तीन दिवस मामा पंख्याखाली बसून पन्हं प्यायले. चौथ्या दिवशी त्यांना सणसणून ताप होता.

तसेच ते दवाखान्यात आले. डॉक्टरांनी कागद वाचला आणि म्हणाले, “साधी चरबीची गाठ आहे. काढायचीही गरज नाही. पण मामा, डिसेंबरात! आता तुमच्या शास्त्राचं काय?”

“शास्त्र गेलं खड्ड्यात!” मामा म्हणाले. “तीस वर्षं मी मूर्ख होतो, असं लिहून द्या मला. सहीशिक्क्यानिशी द्या!” मग तापातच जाऊन त्यांनी पेढे आणले आणि बाकावरच्या सगळ्या पेशंटांना वाटले. “घ्या, घ्या. मी चुकलो त्याचे आहेत.” एका म्हाताऱ्याने दोन घेतले आणि “असेच चुकत जावा,” असा आशीर्वाद दिला.

मामा गेले, त्याला आता वर्ष होईल. बायकोची गाठ तेवढीच आहे. केस वर बांधले की दिसते. परवा मी म्हटलं, काढून टाकायची का? पाच मिनिटांचं काम आहे.

आरशातून माझ्याकडे बघत ती म्हणाली, “राहू दे. मामाला फार आवडली होती.”