मालक एक हजार तीन

आधीच सांगून ठेवतो, भूत-प्रेत या विषयात माझी पाटी कोरी आहे. अमुक बंगल्यात पावलं वाजतात असं कुणी सांगितलं, तर मी आधी तिथल्या उंदरांची चौकशी करतो. भोपाळच्या एम.पी. नगरमध्ये एका कोचिंगमध्ये गेली एकोणीस वर्षं मी लिनक्स ही कॉम्प्युटरची प्रणाली शिकवतो. अर्ध्या शहराचे सर्व्हर माझ्या विद्यार्थ्यांनी उभे केलेत, उरलेल्या अर्ध्याचे त्यांनीच पाडलेत. कॉम्प्युटर काही विचित्र वागला तर त्यामागे गाढव बसलेलं असतं, आणि ते नेहमी खुर्चीत बसलेलं असतं — हे मी वर्गात पहिल्या दिवशी सांगतो.

तर हे त्या गाढवाने लिहिलंय असं समजून वाचा.

आम्ही कोलार रोडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. खाली दुसऱ्या मजल्यावर सुमनकाकू. मूळच्या नागपूरच्या, नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आल्या आणि इकडच्याच झाल्या. आम्ही इथे राहायला आलो त्याच्या आदल्याच वर्षी त्यांचे यजमान गेले होते. श्रीधरकाका. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. पण काकूंकडून इतकं ऐकलंय की रस्त्यात भेटले तर ओळखेन... म्हणजे, न भेटलेले बरे.

हे काका एका सरकारी कारखान्यात रेकॉर्ड रूमचे प्रमुख होते. यंत्रांचे नकाशे त्यांच्या ताब्यात. कुणालाही नकाशा हवा असला तर चिठ्ठी भरायची, कशाला हवाय ते लिहायचं, मग काका तो काढून देणार. चिठ्ठी नसेल तर साक्षात जनरल मॅनेजर आला तरी बाहेर उभा. घरीही तेच. विजेच्या बिलापासून काकूंच्या रक्ताच्या तपासणीपर्यंत सगळं स्कॅन करून एका हार्ड ड्राइव्हमध्ये ठेवलं आणि मूळ कागद रद्दीत दिले.

मे महिना, रविवार, दुपारचे अडीच. ऊन असं की बाल्कनीतलं कबूतर दोन्ही पाय एकदम टेकवत नव्हतं. बेल वाजली. दारात काकू, चेहरा राखेसारखा, एक हात पोटावर, दुसऱ्या हातात रुमालात बांधलेला हार्ड डिस्कचा डबा.

“उद्या सकाळी ऑपरेशन आहे रे बाप्पा,” त्या सोफ्यावर टेकत म्हणाल्या. “पित्ताशयात पू झालाय म्हणतात.”

काकूंना जास्त भीती ऑपरेशनची नव्हती, भुलीची होती. पंधरा वर्षांपूर्वी नागपूरला त्यांचं एक ऑपरेशन झालं होतं. तेव्हा भुलीचं कुठलंसं औषध दिल्याबरोबर अंग भट्टीसारखं तापलं, जबडा आवळला, नाडी सापडेना. जेमतेम वाचल्या. ते औषध कुठलं हे त्यांना माहीत नाही. ते हॉस्पिटल केव्हाच बंद झालंय. इथल्या भुलीच्या डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, संध्याकाळी सहापर्यंत जुना कागद आणा. नाव कळलं नाही तर अंदाजाने जावं लागेल, कारण थांबायलाही वेळ नाही.

“मालकांनी तो कागद यातच ठेवला आहे,” काकू म्हणाल्या. त्या यजमानांना ‘आमचे मालक’ म्हणतात, नाव घेत नाहीत.

“दोन मिनिटं, काकू!” मी बाह्या सरसावल्या. टी-शर्ट होता, तरी सरसावल्या.

ड्राइव्ह लॅपटॉपला लावला. दिवा लुकलुकला, फोल्डर दिसलं. उघडायला गेलो तर ‘परमिशन डिनाइड’, परवानगी नाही. यात काही भुताटकी नाही हं. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलीला एक मालक असतो. एका कॉम्प्युटरवरचा ड्राइव्ह दुसऱ्याला लावला की तो मालक तिथे ओळखू येत नाही, नावाऐवजी नुसता नंबर दिसतो. इथे दिसत होता एक हजार तीन.

“काकू, ड्राइव्हचा मालक वेगळा आहे. मला आत घेत नाहीये.”

“वेगळा कसा? आमचे मालक होते तेच,” काकू म्हणाल्या. “असेच होते ते. विचारल्याशिवाय मलासुद्धा कपाटाला हात लावू देत नव्हते.”

माझी बायको मंजिरी पाणी घेऊन आली ती खुर्चीमागेच थांबली. “होतंय का? की नुसतं शायनिंग?”

मी ‘सुडो’ वापरलं. सुडो म्हणजे काय, तर मशीनला सांगायचं की मी साधा माणूस नाही, मी रूट आहे, सगळ्यांचा बाप. रूटला कुठलंही दार उघडं असतं.

परमिशन डिनाइड.

आता जे वाचक या लाइनमधले आहेत ते म्हणतील, रूटलाही नाही म्हणणारे काही प्रकार असतात. असतात ना! एकूण एक तपासले, त्यातला एकही नव्हता. मग मी शेवटचं हत्यार काढलं. मालकच बदलून टाकायचा. कमांड दिली की या ड्राइव्हमधल्या सगळ्या फाइलींचा मालक मी. एंटर. कमांड गुपचूप पूर्ण झाली, काही तक्रार नाही. बघतो तर मालक एक हजार तीनच.

“परत दे,” मंजिरी म्हणाली.

परत दिली. तेच. मग माझ्या नोट्समध्ये काही सापडतंय का बघावं म्हणून मी माझंच डॉक्युमेंट्स फोल्डर उघडलं. माझ्या लॅपटॉपवरचं. माझं स्वतःचं.

परमिशन डिनाइड. मालक — एक हजार तीन.

“स्पेस पडली असेल,” मी मंजिरीला म्हणालो. ही आमच्या धंद्यातली प्रसिद्ध चूक आहे. त्या कमांडमध्ये एक स्पेस चुकीच्या जागी पडली तर ड्राइव्हऐवजी आख्ख्या लॅपटॉपचा मालक बदलतो. पण तरीही मालक झालो असतो मी, एक हजार तीन नव्हे. तरी मी दिलेल्या कमांड पुन्हा काढल्या आणि मंजिरीकडून एकेक अक्षर मोठ्याने वाचून घेतलं. स्पेस नव्हती. आमचं वाचन चालू असतानाच फोटोंचं फोल्डर गेलं. आम्ही दोघं बघत होतो. माझं नाव होतं तिथे नंबर आला.

मी इंटरनेट बंद केलं. ड्राइव्हची केबल उपटून टेबलावर ठेवली. आता बाहेरचं काहीच जोडलेलं नव्हतं.

गाण्यांचं फोल्डर गेलं. मग लेकीच्या शाळेचं. मग कोचिंगचं. घाई नाही, गडबड नाही... एकेका खोलीला कुलूप लावत कुणी घरभर फिरावं तसं.

खोटं कशाला सांगू, बाहेर त्रेचाळीस डिग्री असताना माझे दात वाजत होते. काढून ठेवलेल्या ड्राइव्हचा दिवा चालू होता. केबल नाही, वीज नाही, आणि दिवा संथ मिटतोय, उघडतोय. मंजिरीने माझा खांदा इतका दाबला की नखं रुतली. “बंद कर ते,” ती म्हणाली. तिचा आवाज तिच्यासारखा नव्हता.

बंद करायलाही परवानगी लागते. ती नव्हती.

काहीच सुचेना तेव्हा हात आपोआप चालतात तसं मी ‘हू ॲम आय’ टाइप केलं. ही खरंच एक कमांड आहे. मी कोण, असं मशीनला विचारायचं. आपण ज्या नावाने आत आलो ते नाव मशीन सांगतं. एकोणीस वर्षांत हजारदा विचारलं असेल, दरवेळी माझंच नाव आलं.

उत्तर आलं, ‘श्रीधर’.

या नावाचा युजर माझ्या मशीनवर कधी नव्हता. काकांचं नाव मी कुठे टाइप केलेलं नाही. खुर्चीत मी बसलो होतो, आणि मशीन म्हणत होतं की खुर्चीत मी नाहीच.

मागे सोफा करकरला. काकू स्क्रीनकडे बघत उभ्या राहिल्या होत्या. पोट आवळलेलं, घाम सुटलेला, तरी उभ्या. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला.

“सरक रे,” त्या मला म्हणाल्या. मी खुर्चीसकट सरकलो.

“अहो,” काकू म्हणाल्या. आमच्या घरात मला कुणी अहो म्हणत नाही, त्यामुळे ते कुणाला होतं यात शंका नव्हती. “अहो, ऐकलं का जी. माझा नागपूरचा भुलीचा कागद पाहिजे. उद्या ऑपरेशन आहे. डॉक्टरांना दाखवायचा आहे, वाचून झाला की परत ठेवते. या पोरावर रागावू नका, त्याला तुमची रीत माहीत नाही.”

कशाला हवाय, कुणाला हवाय, परत केव्हा. चिठ्ठीत जे भरायचं ते सगळं.

पंखा फिरत होता. ड्राइव्हचा दिवा मिटला आणि मिटलेलाच राहिला. काकूंनी स्वतःच्या हाताने केबल माझ्यापुढे धरली. “आता लाव.”

मी लावली. केबल तिसऱ्या खेपेला बसली. फोल्डर उघडलं. आत हजारो फाइली, सगळ्यांपुढे तसंच कुलूप. फक्त एकीपुढे, मालक सोडून इतरांच्या परवानगीची जी जागा असते तिथे, एकच अक्षर आलं होतं. आर. म्हणजे रीड. वाचण्यापुरती परवानगी. बदलायची नाही, पुसायची नाही, वाचायची. फाइलीचं नाव ‘सुमन भूल’.

त्यात तो कागद होता. औषधाच्या नावाखाली लाल पेनने दोन रेघा.

साडेपाचला आम्ही हॉस्पिटलमध्ये. भुलीच्या डॉक्टरांनी मी स्क्रीनवरून मोबाइलमध्ये काढलेला फोटो मोठा करून पाहिला, मग काकूंच्या फाइलीतला स्वतःचा कागद पाहिला आणि पेन काढून एक ओळ खोडली. “मैडम, कल यही देने वाला था मैं,” ते म्हणाले. काकूंचं ऑपरेशन झालं. दहा दिवसांनी त्या जिन्यावर मंजिरीला भाजी निवडायचा सल्ला देत उभ्या होत्या.

ड्राइव्ह परत द्यायला गेलो तेव्हा मी विचारलं, “काकू, यात लग्नाचे फोटो वगैरे असतील. बघायचे नाहीत?”

“कशाला हवेत म्हणून सांगू त्यांना?” काकू म्हणाल्या, आणि डबा कपाटात ठेवून दिला.

मित्रांना सांगितलं. एक म्हणाला ड्राइव्ह खराब असेल. एक म्हणाला, “भाई, गर्मी थी, दिमाग घूम गया होगा.” कोचिंगमधल्या एका हुशार मुलीने माझा लॅपटॉप चार दिवस नेला, सगळ्या नोंदी चाळल्या. परत देताना म्हणाली, “सर, त्या दुपारी मालक बदलायची कमांड तुम्ही दोनदाच दिलीय, दोन्ही बरोबर. बाकीचं कुणी केलं ते कुठेच लिहिलेलं नाही.” मला ठाऊक असतं तर त्याचा एक कोर्स काढला असता.

माझी फोल्डरं त्याच संध्याकाळी मला परत मिळाली होती, आपोआप. एक सोडून. ‘रिपोर्ट’ नावाचं. माझ्या तपासण्या, ईसीजी, सगळं त्यात. त्याचा मालक आजही एक हजार तीन आहे. मी जबरदस्ती केलेली नाही.

गेल्या आठवड्यात छातीत जरा जड वाटलं. डॉक्टर म्हणाले घाबरण्यासारखं नाही, पण जुना ईसीजी असेल तर आणा, तुलना करू. काल दुपारी मी खोलीचं दार लावून लॅपटॉपसमोर बसलो. कशाला हवाय, कुणाला दाखवायचाय, परत केव्हा, सगळं मनात जुळवलं. “काका...” एवढं म्हटलंही.

आणि झाकण मिटून बाहेर आलो. परवानगी मिळाली नाही तर नवीन ईसीजी काढता येईल हो. मिळाली तर? मग उंदरांची चौकशी कुठे करणार?