उन्हात धरलेले शब्द

सगळ्यात आधी आपांचं सांगते. चंद्रपुरात परकोटाच्या, म्हणजे जुन्या तटबंदीच्या, आत त्यांचं फॉल-पिकोचं आणि मॅचिंगच्या कापडाचं छोटं दुकान आहे. वरच्या खोलीत मी भाड्याने राहते. मी गावी परत गेले नाही, अजून इथे आहे, ती त्यांच्यामुळे. काय झालं ते मग सांगते.

माझं गाव जिवतीच्या डोंगरात. आठवीनंतर शाळा सुटली, कारण पुढची शाळा घाट उतरून होती आणि मुलीला रोज तिकडे कोण सोडणार. कामासाठी चंद्रपूरला आले, खोली शोधत फिरले, तर बहुतेक दारांत पहिला प्रश्न एकच, कोणत्या कम्युनिटीची? तो इंग्रजी शब्द मी असा लोकांच्या उंबरठ्याबाहेर उभी राहून शिकले. आपांनी वेगळंच विचारलं. "रात्री घोरत तं नाई ना? माझी नींद कच्ची हाय." मी नाही म्हटलं. त्यांनी किल्ली हातात दिली.

काम मिळालं ते वाघांच्या जंगलाच्या गेटपाशी, एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात. सकाळी शहरातून कामगारांची जीप जायची, संध्याकाळी परत आणायची. पण पावसाळ्यात जंगलाचा मोठा भाग बंद होतो, पाहुणे आटतात, आणि स्वयंपाकघरातल्या बऱ्याच बायांना घरी पाठवतात. मार्चपासूनच मला त्याची धास्ती. एकदा गावी गेले की बाबा पुन्हा निघू देणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं.

उन्हाळा संपत आला तेव्हा पाहुण्यांना शेजारच्या गावात फिरवून आणणारी मुलगी लग्न होऊन गेली. तिचं काम बारमाही होतं. मी धीर करून मॅनेजरभाऊंना विचारलं. ते म्हणाले, रविवारी एक फेरी करून दाखव, पाहुणे दक्षिणेकडचे आहेत, गावातल्या लोकांबद्दल इंग्रजीतून बोलावं लागेल. जमलं तर तूच.

त्या संध्याकाळी, लोकांसाठी मला येणारा तो एकच इंग्रजी शब्द घेऊन, मी आपांसमोर वाक्यं जुळवून पाहिली. गुड कम्युनिटी. बिग कम्युनिटी. मग जोर आणावा म्हणून, व्हेरी कम्युनिटी. आपा लग्नाआधी इंग्रजी शाळेत शिकलेल्या. त्यांनी मशीन थांबवलं आणि पदरात तोंड लपवून हसल्या.

"पोरी, हे तं हिरव्या साडीले नारंगी फॉल लावल्यावानी झालं."

मग समजावून सांगितलं. कम्युनिटीला 'लोकल' शोभतो, 'फार्मिंग' शोभतो. माणसं एकमेकांना धरून असली तर 'क्लोज-निट' लावायचा. आपण इथले आहोत असं आतून वाटतं, ते 'सेन्स ऑफ कम्युनिटी'. 'व्हेरी' लागत नाही. का लागत नाही ते विचारू नको, म्हणाल्या, लोक लावत नाहीत म्हणून लागत नाही.

आपांची एक रीत आहे. दुकानात ट्यूबलाइट असते, पण तिच्या उजेडात त्या कोणताच फॉल ठरवत नाहीत. साडी आणि फॉल घेऊन पायरीवर येतात, दोन्ही उन्हात धरतात, मगच कात्री लावतात. शब्दांचंही त्यांनी तेच केलं. नुसतं पाठ म्हटलेलं चालेना.

"क्लोज-निट म्हणून राह्यली तू. उन्हात धरून दाखव. तुझ्या गावात कोण हाय तसं?"

मी विचार केला आणि कवेलू आठवले, घरावरची कौलं. पावसाआधी आमच्याकडे छपरावरचे कवेलू फेरतात. सगळे उतरवायचे, फुटके वेगळे काढायचे, पुन्हा रचायचे. एका घराचं काम एकट्याने होत नाही. घरांची अख्खी ओळ येते, आज आमच्याकडे, उद्या शेजारी. मजुरी कोणी घेत नाही, घरवाली जेवू घालते. आपा म्हणाल्या, बसला. 'सेन्स ऑफ कम्युनिटी'ला मात्र मला काहीच सापडेना. तर मग तो कापू नको, म्हणाल्या, बोलूच नको.

रविवारी एक नवरा-बायको आले, वयस्कर. मॅनेजरभाऊ मागून चालत होते, त्यांच्या चपलांचा आवाज मला पाठीत ऐकू येत होता. सुरुवातीची वाक्यं नीट झाली. लोकल कम्युनिटी, फार्मिंग कम्युनिटी, क्लोज-निट कम्युनिटी. तेवढ्यात बाईंनी हसत विचारलं, की आम्ही जाऊ तिथे सगळे हेच सांगतात, इथे खरंच तसं आहे का?

माझी पाठ केलेली वाक्यं संपली होती. उन्हामुळे डोळे बारीक करून वर पाहिलं, तर पुढच्या घरावर कवेलू फेरणं चालू होतं. जूनच तो, गावात निम्म्या घरांवर तेच चाललेलं. मी हात करून मोडकं-तोडकं सांगितलं. टुडे धिस हाउस. टुमारो दॅट हाउस. ऑल कम. नो मनी. ओन्ली फूड.

त्या घरच्या मावशींनी छपरावरूनच विचारलं, "काय म्हणते वं ते बाई?" मी सांगितलं की त्यांना हे खरं वाटत नाही.

"मंग म्हणाव, ये अन् दोन कवेलू दे वर. जेवायले भेटन."

मी ते तसंच इंग्रजीत सांगितलं, जमेल तसं. बाई आधी नवऱ्याकडे बघून हसल्या, मग खरंच खाली उभ्या लोकांच्या ओळीत शिरल्या आणि कवेलू वर देऊ लागल्या. नवराही गेला. मॅनेजरभाऊंना घाई होती, पण थोड्या वेळाने त्यांनीही बाह्या वर केल्या. जेवल्याशिवाय मावशींनी कोणाला सोडलं नाही.

परतताना मॅनेजरभाऊ एवढंच म्हणाले, "पावसाळ्यात गावातले रस्ते चिखलाचे रायतेत. रेनकोट घेऊन ठेव." मला कळायला जरा वेळ लागला. पावसाळ्यात मी इथेच असणार होते.

संध्याकाळी जीपमधून उतरले तेव्हा आपा पायरीवरच होत्या, शेवटच्या उन्हात जांभळी साडी धरून. "बसला का फॉल?" मी मान डोलावली आणि तिथेच बसले. इतक्या महिन्यांची धास्ती त्या पायरीवर उतरली. आपांनी माठातलं पाणी दिलं आणि साडीची घडी घालत म्हणाल्या, आता खोलीच्या खिडकीला पडदा शिवू, तू राहणार म्हणते तर.

आपांचा जन्म चंद्रपुरातला, पण वाघ त्यांनी बसवरच्या चित्रातच पाहिला आहे. दुकान सोडून कधी जाणं झालं नाही. आपा, एक दिवस दुकानाला कुलूप लावून तुम्हाला सफारीच्या जिप्सीत पुढे बसवीन आणि जंगल दाखवीन. मग गावातून हिंडवीन, सगळं इंग्रजीतून सांगेन, पाहुण्यांना सांगते तसं. तुम्ही कापू नको म्हणालात तो एक शब्दही त्या दिवशी बोलेन.